दक्षिणेकडचा घोडा

शिराकुरा, शिनशू
२ एप्रिल १९६६

प्रिय मित्सुयो,

इथे सावलीतला बर्फ अजून गेलेला नाही आणि तुझं पत्र मात्र ओसाकाच्या उन्हासारखं आलं. देवळाच्या दुरुस्तीच्या मांडवात उभ्यानेच वाचलं, मग बाहेर जाऊन पुन्हा वाचलं. तुझी आई असती तर आधी रडली असती आणि मग शेजारणीला सांगायला धावली असती. मी यातलं काहीच केलं नाही. हात धुऊन कामाला बसले. पण दिवसभर चुकीच्या वाटीत कुंचला बुडवत होते, त्यावरून काय ते समज.

बाळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे याच वर्षात. सासूबाईंचा चेहरा पडला असं तू लिहितेस. अग्निघोड्याचं वर्ष साठ वर्षांनी एकदा येतं आणि त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला खाते, हे मीही लहानपणापासून ऐकत आले आहे. मुलगा झाला तर काही नाही. मुलगी झाली तर तिला कुणी करून घेत नाही. मित्सु, दोन महिन्यांपूर्वी माणसानं चंद्रावर यंत्र उतरवलं. वर्ष माणसाला खात नाही, माणसं माणसाला खातात. हे वाक्य लिहून झाल्यावर मला जरा भाषणासारखं वाटलं, पण खोटं नाही म्हणून खोडत नाही.

आता इथली गंमत. देवळाच्या वळचणीखालचे, वर्षचक्राचे बाराही कोरीव प्राणी खाली उतरवले आहेत. तू लहानपणी मान वाकडी करून बघायचीस तेच. जवळून पाहिले तर वेगळेच निघतात. उंदराला मिशा नाहीत, फक्त मिशांची भोकं आहेत. केस कुणी केव्हा उपटले देव जाणे. वाघ कोरणाऱ्यानं वाघ पाहिला नव्हता, त्यानं शेजारची मांजर फुगवली आहे. घोडा दक्षिणेकडचा, पायऱ्यांच्या बरोबर समोरचा. तो सध्या माझ्या टेबलावर आहे. मागचा पाय उचलून कान खाजवतो. जुना रंग धुऊन काढला आहे, शिंपल्यांच्या पांढऱ्या पुडीचा हात दिला आहे, वर तांबडा चढतो आहे. कोणत्या जागी कोणता रंग होता ते टिपून ठेवायचं काम माझं.

डोळे शेवटी. पुजारी मंत्र म्हणतात आणि आमचे मुख्य रंगारी केनरोकु-सान श्वास रोखून बुबुळं रेखतात. तोवर तो प्राणी नव्हे, रंगवलेलं लाकूड. तर परवा देवस्थानचे पंच आले. सोया-सॉसवाले सोएदा-सान त्यांचे म्होरके. ते म्हणाले, "अकरांचे डोळे उघडा. घोड्याला यंदा झोपू दे. पुढच्या फेब्रुवारीत, घोड्याचं वर्ष सरलं की बघू."

आमच्या मांडवात स्वयंपाक करणारी शिमो आजी तुला आठवत असेल. ती मागच्या अग्निघोड्याच्या वर्षातली. यंदा तिला साठ पुरी होतात, लाल बंडी घालायचा मान मिळणार. ती भाताचा डाव हातात घेऊनच बाहेर आली.

"घोड्याचे डोळे मिटले की वर्ष निघून जातं होय? मग साठ वर्षांपूर्वी मलाच पोत्यात घालायचं होतंत."

"पोतं फाडून आली असतीस तू," सोएदा-सान म्हणाले.

सगळे हसले, मीही हसले. देवळातले देव घाबरले म्हणून सांग तुझ्या घरी. तू हसावंस म्हणून एवढं लिहिलं.

खात जा. उलट्या झाल्या तरी पुन्हा खा.

तुझी
फुसाए मावशी

---

सेनबा, ओसाका
१० एप्रिल

मावशी,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी दुकानात माल उतरत होता. आमच्याकडे माल म्हणजे वाळवलेलं समुद्रशेवाळ. सगळं घर त्याच वासाचं झालं आहे, माझे केससुद्धा. आधी तो वास आवडायचा. आता बादली घेऊन मोरीत पळते.

तुमची पत्रं सासूबाईंना आवडतात. "शिनशूच्या मावशीचं आलं का? वाच," असं त्या जेवताना म्हणतात. सुरुवातीचं मी गाळलं. घोड्याचं मात्र वाचलं, कारण मला खरंच हसू आलं होतं आणि वाटलं, त्याही हसतील. आमचे शुन्साकु हसले. सासूबाईंनी काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या.

"म्हणजे देवानंसुद्धा यंदा अग्निघोड्यापुढे डोळे मिटले," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "अहो, मावशींनी थट्टेत लिहिलंय."

"त्यांनी थट्टेत लिहिलं असेल. पंचांनी थट्टेत ठरवलं का? देवाघरची माणसं ती. आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका डॉक्टरांचं नाव काढून आणलं. मला थेट काही म्हणाल्या नाहीत. शुन्साकुंना म्हणाल्या, माझ्या देखत. "पोरगी अजून तरुण आहे. पुढल्या वर्षीही मुलं होतात."

शुन्साकु म्हणाले, "मुलगा असला तर?"

"आणि मुलगी असली तर? हा काय लॉटरीचा खेळ आहे?"

ते वाईट नाहीत, मावशी. टेबलफॅन आईकडे वळला की आईला वारा, माझ्याकडे वळला की मला, तसे आहेत. रात्री मला म्हणतात, तू काळजी करू नकोस. सकाळी आईला म्हणतात, बघू. ओसाकात "बघू" म्हटलं की दुकानाची फळी लागली असं समजायचं.

उकाडा लवकर सुरू होणार म्हणतात. तुमच्याकडे अजून थंडी आहे हे वाचून बरं वाटलं. माडीवरची खोली अजून रिकामी असते का? पूर्वेच्या खिडकीची?

मित्सुयो

---

शिराकुरा
१५ एप्रिल

मित्सुयो,

तुझं पत्र वाचून माझे कान गरम झाले. मी थट्टा म्हणून लिहिलं ते तुमच्या घरी दाखला म्हणून वाचलं गेलं. लिहिणाऱ्याला वाटतं, आपलं वाक्य आपल्याच आवाजात वाचलं जाणार. हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं, पण आत्ता त्यावर विचार करत बसण्यात अर्थ नाही.

उपाय सरळ आहे. घोड्याचे डोळे उघडायचे. मी आज पुजाऱ्यांना भेटले. ते चांगले गृहस्थ, पण देऊळ पंचांच्या पैशावर चालतं. "पंच हो म्हणाले तर मी उद्या मंत्र म्हणतो," म्हणाले. पंचांची बैठक मेच्या पहिल्या आठवड्यात आहे. तिथे मी नीट मुद्देसूद बोलणार आहे. जुन्या जनगणनेतले आकडे जमवले आहेत: साठ वर्षांपूर्वी जन्मलेल्या बायकांचे नवरे इतरांच्या नवऱ्यांपेक्षा लवकर मेले याला काहीही पुरावा नाही. आकड्यांपुढे कोण काय बोलणार?

सासूबाईंना सांग की थोडं थांबा. तू ठाम राहा. शुन्साकु-सानना वेगळं गाठून एकदाच विचार आणि "बघू" हे उत्तर घेऊ नकोस.

माडीवरच्या खोलीचं विचारलंस. ती सध्या अगदी भरलेली आहे. तिथेच हवा कोरडी असते म्हणून ससा, ड्रॅगन आणि साप वाळत ठेवले आहेत. पाय ठेवायला जागा नाही. सशाखालच्या लाटा निळ्या निघाल्या, आम्ही हिरव्या समजत होतो. तुला आवडतील.

फुसाए मावशी

---

सेनबा
२४ एप्रिल

मावशी,

लाटा निळ्या, हे छान झालं.

तुमचे आकडे मी सासूबाईंना सांगितले नाहीत. का ते सांगते. परवा शेवाळाच्या कडा कातरताना आम्ही दोघीच होतो. कातर चालवता चालवता त्या म्हणाल्या, "तुला वाटत असेल, म्हातारी अडाणी आहे."

मी नाही म्हटलं.

"माझी थोरली बहीण त्या वर्षातली होती. कोइतो. माझ्यापेक्षा दिसायला चांगली, हिशेबात पुरुषांना ऐकायची नाही. तीन ठिकाणी लग्न ठरलं. तिन्ही वेळा तिचं जन्मवर्ष कळलं आणि पाठवलेली भेटवस्तू परत यावी तशी ती परत आली. तिसऱ्यांदा लग्नाच्या बोलणीत दिलेले दारूचे बुधले परत आले, त्यांची दोरीही सोडलेली नव्हती. ती दोरी तिनं स्वतः सोडली, बुधले कपाटात लावले, घर झाडलं आणि नदीवर गेली. मी सतरा वर्षांची होते. तिला नवरा खायला मिळालाच नाही, मित्सुयो. तिला लोकांनी खाल्लं."

मावशी, तुमचंच वाक्य.

मग त्या म्हणाल्या, "मी तुझ्या मुलीला मारत नाही. मी तिला त्या नदीवर जाऊ देत नाही."

मी रडायला लागले तेव्हा त्यांनी कातर ठेवली. मग म्हणाल्या, "तुमच्या देवळानं जर घोड्याचे डोळे उघडले, याच वर्षी, सगळ्यांसमोर, तर मी समजेन की त्याला कुणी भीत नाही. तर मी श्वानदिवसाला तुझ्या पोटाला पट्टा माझ्या हातानं बांधीन. बांधला की मूल या घराचं झालं. मग जग काही म्हणो."

पाचव्या महिन्यातला श्वानदिवस मेच्या मध्यावर येतो. पट्टा माहेरहून यायचा असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. कुत्र्याच्या कोरीवकामाला लावून पाठवाल का? कुत्रीला सोपं बाळंतपण, म्हणून. आणि घोड्याचं तेवढं बघा. त्या शब्दाच्या पक्क्या आहेत. त्यांनी अट घातली म्हणजे त्यांना स्वतःलाच ती पुरी व्हायला हवी आहे, असं मला वाटतं.

काल मला आत काहीतरी हललं. एवढ्यात हलत नाही म्हणतात. पण हललं.

मित्सुयो

---

शिराकुरा
९ मे

मित्सु,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे.

बैठक सोएदा-सानच्या कारखान्याच्या ओसरीवर झाली. मी आकडे मांडले. त्यांनी मन लावून ऐकले. मग मी आकडे बाजूला ठेवले आणि नाव न घेता तुझं सांगितलं.

"मित्सुयो ना?" सोएदा-सान म्हणाले. "आमच्या अक्रोडावर चढायची ती. चांगली पोर."

शिमो आजी चहा देत होती. ती थांबली. "साठ वर्षं या गावात आहे मी. कुणाला खाल्लं सांगा."

"तुझ्या नवऱ्याला," मागून कुणीतरी म्हणालं.

"तो दारूनं मेला!"

"तेच म्हणतोय. पण प्यायला का लागला?"

यावर पुन्हा हशा झाला. आजीही हसली. या वेळी मला हसता आलं नाही.

मग सोएदा-सानांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, जे सांगितलं ते तुला जसंच्या तसं सांगते. "फुसाए-सान, तुम्ही एका पोरीसाठी मागता. या गावात आज चार सुना पोटुशा आहेत. मार्चमध्ये त्यांच्या सासवा याच ओसरीवर येऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडेही डॉक्टरांची नावं होती. मी त्यांना सांगितलं, यंदा घोडा झोपवतो, त्याला काही दिसणार नाही, तुमची नातवंडं त्याच्या नजरेखालून निघून जातील. त्यावर त्या घरी गेल्या. मला काय वाटतं घोड्याबद्दल ते सोडा. मी आता त्याचे डोळे उघडू?"

ज्या मिटल्या डोळ्यांनी तुझ्या सासूबाई घाबरल्या त्याच मिटल्या डोळ्यांवर इथे चार मुलं जगणार आहेत. मी त्या चारही सुनांना ओळखते. मी शाळेत शिकवत होते तेव्हा एक माझ्या वर्गात होती. मी उठले, वाकून नमस्कार केला आणि घरी आले.

येताना मांडवात गेले. केनरोकु-सान एकटेच होते. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "मंत्राशिवाय रेखलं तर तो डोळा नव्हे, ठिपका. ठिपका हवा असेल तर तुमचाही हात चालेल." ते रागावून बोलले नाहीत. कुंचला त्यांनी माझ्या बाजूलाच ठेवला होता. मी घोड्यासमोर बसून राहिले. तो कान खाजवत होता. मी कुंचल्याला हात लावला नाही. त्या चार सुनांमुळे, की माझ्यात तेवढं धाडस नाही म्हणून, हे मला नक्की सांगता येत नाही.

या पत्राच्या पहिल्या खर्ड्यात मी तुला खोटं लिहिलं होतं: डोळे उघडले, समारंभ छान झाला, सासूबाईंना सांग. ते पत्र पाकिटात घालून झालं होतं. मग वाटलं, तुमच्याकडून कुणी दर्शनाला आलं, एखादा फोटो छापून आला, की ते खोटं तुझ्या गळ्यात पडेल, आणि तेव्हा पोर तुझ्या मांडीवर असेल. फाडलं. बरोबर केलं का? तू सांगू नकोस. मला भीती वाटते.

आता जे तुला पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं ते लिहिते. तू इकडे ये. आजच नीघ. तू खोलीचं विचारलंस तेव्हा मी तुला सशाच्या लाटा सांगत बसले. ससा, ड्रॅगन, साप सगळे खाली आणले आहेत. पूर्वेची खिडकी पुसली आहे. बाळंतपण इथे कर. मूल इथे वाढव, वाटेल तितकी वर्षं. लोक बोलतील ते माझ्या दारात बोलतील.

पट्टा सोबत आहे. सकाळी कुत्र्याच्या पोटाखाली ठेवून आणला. त्याचे डोळे गेल्याच आठवड्यात उघडले.

मावशी

---

सेनबा
२९ मे

मावशी,

बाळ आता नाही. हे वाक्य लिहायला सकाळ गेली, म्हणून तेच आधी लिहिते.

तुमचं पत्र आणि पट्टा आला तेव्हा मी दवाखान्यात होते. शुन्साकुंनी दोन्ही कपाटात जपून ठेवलं होतं, घरी आल्यावर दिलं. त्या आठवड्यात इथल्या वर्तमानपत्रात कोपऱ्यात चार ओळी आल्या होत्या. शिनशूच्या एका देवळात अग्निघोड्याचे डोळे यंदा मिटलेलेच, अशा. गमतीची बातमी म्हणून दिली होती. सासूबाईंनी ती शुन्साकुंकडून दोनदा वाचून घेतली. डॉक्टरही म्हणाले की याहून उशीर नको.

कुणी हात धरून नेलं नाही. सासूबाई "चल" म्हणाल्या आणि मी चपला घातल्या. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर त्यांना वाटलं माझ्याकडे छत्री नाही, तर त्या परत जाऊन घेऊन आल्या. मी तिथे उभी राहिले, एकटी. स्टेशन समोर होतं. पर्समध्ये गाडीभाड्यापुरते पैसेही होते. मी छत्रीची वाट पाहिली. का, ते मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही विचार करत बसाल की पत्र चार दिवस आधी पोचलं असतं तर. मी तुम्हाला ओळखते, रोज रंग टिपायच्या वहीत तेच लिहाल. माझं उत्तर असं, की मला माहीत नाही. आले असते असं म्हणून तुम्हाला दुखवायचं नाही आणि आले नसते असं म्हणून तुम्हाला सोडवताही येत नाही. गावातल्या त्या चौघींचं नीट होऊ दे, हे मात्र मी मनापासून लिहिते. आधी लिहिताना मनापासून वाटत नव्हतं, म्हणून थोडा वेळ थांबले आणि मग लिहिलं.

शुन्साकु दुकान लवकर बंद करतात आणि माझ्याजवळ बसतात. पुढल्या वर्षी, म्हणतात. मी मान हलवते.

मुलगा होता की मुलगी ते मी विचारलं नाही. विचारणारही नाही. सासूबाईंनी विचारलं. त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा भिंतीला हात लावून चालत होत्या. डॉक्टर मुलगी म्हणाले असते तर त्या बहिणीचं नाव घेऊन रडल्या असत्या, आणि मग माझ्या खाटेशी येऊन बसल्या असत्या. त्या आल्या नाहीत. दाराशीच उभ्या राहिल्या.

आता जेवायला बसलो की माशाचा पोटाकडचा तुकडा, जो या घरात आजवर फक्त शुन्साकुंना वाढला गेला, तो त्या माझ्या वाटीत घालतात. मी खाऊन संपवीपर्यंत खाली मान घालून बसतात. मला तो गिळवत नाही, पण मी खाते, शेवटच्या काट्यापर्यंत. मी टाकला तर त्यांना कळेल की मला कळलं आहे.

तुमची
मित्सुयो